आधी ओळ पक्की करा, मग भांडा

गाण्याच्या अर्थावरून वाद घालायला बसताय ना, मग सगळ्यात आधी समोरच्याला विचारा, बाबा, तू ऐकलंयस ते रेकॉर्डिंग कुठलं? हे न विचारता आमच्याकडं एकदा दीड तास भांडण चाललं होतं. शेवटी कळलं, दोघं दोन वेगळ्या गाण्यांवर भांडत होते.

माझं बेळगावच्या शहापुरात दुकान आहे. पूर्वी कॅसेटी भरून द्यायचो, आता मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर आणि गणपती मंडळांचे स्पीकर दुरुस्त करतो. रविवारी पाचला शटर अर्धं ओढलं की मंडळी जमतात. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब, कॉलेजात कन्नड शिकवलेले सर, कॅम्पातला माझा गोवेकर मित्र (इंग्लिश गाण्यांचा नाद मला त्यानंच लावला), खानापूरचे एक गुरुजी, ते गिटार वाजवतात, आणि गेली दोन वर्षं माझी पुतणी. ती इंजिनिअरिंगला आहे आणि आम्हा सगळ्यांना जुन्या बाजारातला माल समजते. एवढ्या वर्षांत गाणी पुष्कळ झाली, पण भांडण बहुतेक एकाच गाण्यावर. ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं हॉटेल कॅलिफोर्निया.

तर रेकॉर्डिंग. मूळ गाणं १९७६च्या डिसेंबरात आलेल्या अल्बमवरचं, साडेसहा मिनिटांचं. शेवटची दोनेक मिनिटं डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या नुसत्या गिटारी. १९८० साली फुटलेला बँड १९९४ला पुन्हा एकत्र आला तेव्हा त्यांनी हेच गाणं नुसत्या साध्या गिटारींवर वाजवलं. सुरुवात लांबलचक, आणि ओळखीची सुरावट आली की लोक ओरडतात. आमच्याकडं केबल आली तेव्हा निम्म्या बेळगावानं हेच ऐकलं. शब्द तेच, पण एक ऐकून माणसाला भीती वाटते आणि दुसरं ऐकून जुन्या मित्रांची आठवण येते. त्या दिवशी सुभेदारसाहेब भीतीच्या बाजूनं होते, कॅम्पातला मित्र आठवणीच्या. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

रेकॉर्डिंग ठरलं की फोन सगळ्यांचे ड्रॉवरमध्ये. हे महत्त्वाचं. प्रत्येकानं कागद घ्यायचा, गाणं एकदा पूर्ण वाजवायचं, आणि वादाची ओळ जशी कानाला येते तशी लिहायची. देवनागरीत लिहिली तरी चालते, उलट बरंच. इंग्लिश स्पेलिंग लिहायला गेलं की माणूस ऐकायचं सोडून हुशारी दाखवायला लागतो. मग सगळे कागद टेबलावर ठेवून ताळा करायचा आणि त्यानंतरच छापील शब्द बघायचे.

माझ्या जुन्या वहीत, जिच्यातून मी कॅसेटच्या कव्हरवर गाण्यांची नावं उतरवायचो, या गाण्याची दुसरी ओळ मी 'वॉर्म स्मेल ऑफ कोलगेट्स' अशी लिहिली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. हॉटेलात शिरताना वास येतोय, असेल दंतमंजनाचा. शब्द आहे कोलितास. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ छोट्या शेपट्या, आणि बोलीत गांजाच्या बोंडांना तो शब्द वापरतात. एक शब्द सुधारला आणि अख्खी पहिली कडवी पालटली. गाडी चालवणारा थकलेला आहे की तंद्रीत आहे, डोळे जड झालेत ते झोपेनं की धुरानं, असे प्रश्न कोलगेटमधून कधीच निघाले नसते.

कानाचा दोष असा सगळ्यांना असतो, लाजायचं कारण नाही. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या १९६९च्या एका गाण्यात 'बॅड मून ऑन द राइज', वाईट चंद्र उगवतोय, अशी ओळ आहे. लोकांना ती 'बाथरूम ऑन द राइट', उजव्या हाताला बाथरूम आहे, अशी ऐकू यायची. ते इतकं पसरलं की त्यांचा गायक जॉन फोगर्टी पुढं मंचावर कधीकधी मुद्दाम तसंच गायला लागला. आणि किंग्जमेन या बँडचं १९६३चं एक गाणं तर अमेरिकेच्या एफबीआयनं तपासलं. गाण्यात काही अश्लील आहे काय हे बघायला त्यांनी ते वेगवेगळ्या वेगानं वाजवलं, आणि शेवटी कुठल्याही वेगाला काही कळत नाही असा निष्कर्ष काढला. सरकारी कागदावर इतकं प्रामाणिक वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही.

वेगाचं मला नवल वाटलं नाही. कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायला हवी. माझा पहिला डेक जरा जोरातच पळायचा. गाणं बी मायनरमधलं, माझ्या कॅसेटवर ते जवळजवळ अर्धा स्वर चढं यायचं. गुरुजी बिचारे कॅसेट लावून गिटार जुळवायचे, आणि मग दुसऱ्या कुणाबरोबर वाजवायला बसले की सगळं बेसूर. त्यांना वाटायचं आपला कान गेला. जुनी कॅसेट हाच पुरावा असेल तर आधी डेकचा वेग तपासा, हेड स्पिरिटनं पुसा, आणि मगच गायकाच्या उच्चारांना नावं ठेवा.

काही ओळी मात्र कानानं कधीच सुटत नाहीत. त्या बाईच्या वर्णनात एक मर्सिडीज आहे. ऐकताना मर्सिडीज बेंझ, गाडीचं नाव. छापील शब्दांत मात्र बेंड्स. खोल पाण्यातून पाणबुड्या फार भरभर वर आला की त्याच्या रक्तात वायूचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, त्या दुखण्याला बेंड्स म्हणतात. म्हणजे बाईला गाडीचं दुखणं जडलंय. इथं कागद बघितल्याशिवाय गत्यंतर नाही. कागदाला केवढी किंमत असते बघा: या अल्बमच्या हस्तलिखित कच्च्या खर्ड्यांवरून न्यूयॉर्कच्या कोर्टात फौजदारी खटला उभा राहिला होता. २०२४च्या मार्चमध्ये, सुनावणी चालू असतानाच, सरकारी पक्षानं तो मागं घेतला.

ओळ पक्की झाली की पुढचा नियम. हा आमच्याकडं सगळ्यात कडक आहे. गाण्यातली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, आणि सांगताना 'म्हणजे' हा शब्द वापरायचा नाही. ज्याच्या तोंडून 'म्हणजे' निघाला त्यानं सगळ्यांचा चहा द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पुतणीनं पहिल्या महिन्यात चार वेळा चहा दिलाय.

सुभेदारसाहेबांना हे फार छान जमतं, कारण आयुष्यभर त्यांनी रिपोर्ट दिलेत. ते उभं राहून सांगतात: "रात्रीची वेळ. वाळवंटातला रस्ता. गाडीत एक माणूस. लांबवर दिवा दिसला, थांबणं भाग पडलं. दारात बाई उभी. घंटा वाजली. बाईनं मेणबत्ती पेटवली, वाट दाखवली. आतून आवाज, या म्हणून. अंगणात लोक नाचूलालेत. दारू मागितली, मिळाली नाही. वर छताला आरसे. मोठ्या खोलीत मेजवानी, सुऱ्यांनी जनावराला भोसकूलालेत, ते मरत नाही. माणूस दाराकडं पळाला. रात्रपाळीचा पहारेकरी म्हणाला, हिशोब कधीही मिटवा, जाता येणार नाही. रिपोर्ट समाप्त."

असं कोरडं ऐकलं की कुठं काय खटकतं ते आपोआप दिसतं. दारू मागितली आणि मिळाली नाही, एवढ्या श्रीमंत हॉटेलात? आमचा वाद खरा तिथूनच पेटला.

त्या जागी गाण्यात असं आहे की पाहुणा कॅप्टनला बोलावून वाइन मागतो, आणि कॅप्टन म्हणतो, ते स्पिरिट आमच्याकडं १९६९ पासून नाही. सुभेदारसाहेबांनी लगेच दोन हरकती नोंदवल्या. पहिली, कॅप्टन कुणाला दारू आणून देत नसतो. दुसरी, वाइन हे स्पिरिट नव्हेच. "कँटीनचा कोटा मी सांभाळलाय. रम स्पिरिट, व्हिस्की स्पिरिट. वाइन आंबवतात, गाळत नाहीत. लिहिणाऱ्याला दारूतलं काही कळत नव्हतं."

पहिली हरकत कॅम्पातल्या मित्रानं काढली. त्याचे वडील हॉटेलात कामाला होते. मोठ्या हॉटेलात वाढप्यांच्या मुख्याला कॅप्टन म्हणतात. दुसरी हरकत मात्र चांगली होती. इतकी चांगली की २००९ साली एका अमेरिकन वार्ताहरानं नेमकी तीच डॉन हेन्लीला, ज्यानं हे शब्द लिहिले आणि गायले, त्याला विचारली होती. हेन्ली वैतागला. दारू कशी बनते ते कळण्याइतकी मी आयुष्यात प्यालोय, असं म्हणाला, आणि या ओळीचा दारूशी जवळजवळ संबंध नाही, ती समाजावरची टिप्पणी आहे, असंही. स्पिरिट हा शब्द दोन्हीकडं वळतो: बाटलीतलं आणि माणसातलं. १९६९च्या ऑगस्टात वुडस्टॉकचा हिप्पी पोरांचा मोठा जलसा झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अल्टामाँटच्या जलशात, मंचावर गाणं चालू असताना, समोर एका तरुणाचा खून झाला. त्या सालानंतर ती हवा उरली नाही, हे कॅप्टन सांगतोय.

हे उत्तर मी वाचून दाखवलं तरी सुभेदारसाहेबांनी माघार घेतली नाही. "मग त्यानं रम लिहायची होती. अर्थही लागला असता आणि चूकही झाली नसती." आजही ते तिथंच उभे आहेत. मला वाटतं त्यांच्या म्हणण्यात दम आहे. श्लेष साधायचा तर दोन्ही पाय जमिनीवर हवेत. आपल्याकडं दारू म्हटलं की सगळं त्यात आलं, म्हणून मराठीत हा वादच झाला नसता.

एका शब्दाला दोन अर्थ आले की लोक एक ठरवायला बघतात. ते करू नका. हे मी रॉकवाल्यांकडून शिकलो नाही, आमच्या अण्णांच्या भजनी मंडळात शिकलो. 'कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु' हा ज्ञानेश्वरांचा अभंग आमच्या गल्लीत म्हटला की दरवेळी कुणीतरी पेटायचं. सर तेव्हा नवे नवे नोकरीला लागलेले, धारवाडकडचे, शेजारी भाड्यानं राहायचे आणि भजनाला यायचे. ते म्हणायचे, "अण्णा, यात अवघड काय आहे री? विठ्ठल आमच्याकडचा, तुमच्या माउलींनीच लिहून दिलंय." अण्णा म्हणायचे, जुन्या मराठीत कानडा म्हणजे न कळणारा, अगम्य. आणि कर्नाटकु म्हणजे नाटक करणारा, लीला दाखवणारा. सर म्हणायचे, तुम्हाला कानडी कळत नाही म्हणून तो अगम्य. अण्णा हसायचे. असं अर्धा तास चालायचं, मग पेटीवाला कंटाळून सूर धरायचा आणि दोघं एकाच ओळीवर टाळ वाजवायचे. माझ्या आठवणीत दोघांपैकी कुणीही हरलं नाही, आणि अभंगाचं काही बिघडलं नाही.

रॉकच्या गाण्यालाही हीच पट्टी लावा. स्पिरिट बाटलीतलं की माणसातलं, हा प्रश्नच चुकीचा. कवीनं शब्द दोन्हीकडं झुकेल असा ठेवलाय, तुम्ही कशाला एक पाय कापताय?

अफवांची गोष्ट निराळी. तिथं मात्र कापायचं. या गाण्याभोवती तीन अफवा कायम फिरतात. एक म्हणजे हे सैतानाच्या भक्तांचं गाणं, अल्बमच्या आतल्या फोटोत वर सज्जात त्यांचा पुढारी उभा आहे. दुसरी, हे मनोरुग्णांच्या इस्पितळावर आहे. तिसरी, हे मेक्सिकोतल्या एका खऱ्या हॉटेलावर आहे. प्रत्येक अफवेला तीनच प्रश्न विचारायचे: कुणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि गाणाऱ्यांनी काय केलं. मेक्सिकोतल्या टोडोस सँटोस गावात त्या नावाचं हॉटेल खरंच आहे. पण २०१७ साली बँडनंच त्या हॉटेलवर नावाच्या वापरावरून दावा लावला, आणि पुढच्या वर्षी तो मिटला. ज्या जागेवरून गाणं सुचलं तिच्यावर कोण दावा लावतं? कव्हरवरची इमारत तर बेव्हरली हिल्स हॉटेलची, लॉस एंजेलिसजवळची. बाकी दोन अफवांवर आम्ही पाच मिनिटांच्या वर घालवत नाही.

कधीकधी अफवेसारखी वाटणारी गोष्ट खरी निघते, म्हणून प्रश्न विचारायचेच. सुऱ्यांच्या ओळीत 'स्टीली' हा शब्द येतो. गुरुजी वर्षानुवर्षं सांगायचे की तो स्टीली डॅन या बँडला मारलेला डोळा आहे. आम्ही हसायचो. पण १९७६ सालीच स्टीली डॅनच्या एका गाण्यात नवरा-बायकोच्या भांडणात ईगल्सचा आवाज वाढव, शेजारी ऐकतायत, अशी ओळ आली होती. दोन्ही बँडचा मॅनेजर एकच. ईगल्सनी उलट नमस्कार केला, आणि त्यांच्यातल्याच ग्लेन फ्रायनं ते कबूलही केलंय. गुरुजींनी त्या दिवशी कुंदा वाटला.

आता लिहिणाऱ्याचं म्हणणं किती मानायचं? माना, पण शेवटी विचारा. आधीच विचारलं की वाद संपतो आणि लोक घरी जातात. हेन्लीनं म्हटलंय की हा निरागसपणाकडून अनुभवाकडं प्रवास आहे. हेन्ली टेक्सासचा, फ्राय डेट्रॉइटकडचा, फेल्डर फ्लोरिडाचा. सगळे बाहेरून कॅलिफोर्नियात आलेले. रात्री वाळवंटातून गाडी हाकत यायचं आणि लांबून शहराचा उजेड दिसायचा, असं फेल्डर सांगतो. चोर्ला घाटातून रात्री बेळगावला येणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मला स्वतःला फेल्डरची दुसरी गोष्ट जास्त आवडते. चाल त्यानं मालिबूच्या भाड्याच्या घरात बांधली आणि इतर चालींबरोबर कॅसेटवर भरून बाकीच्यांना दिली. शब्द व्हायच्या आधी तिला 'मेक्सिकन रेगे' म्हणायचे. नंतर मायामीत रेकॉर्डिंग करताना हेन्लीला गिटारीचा तो शेवटचा भाग अगदी कॅसेटवर होता तसाच हवा होता. फेल्डर तोपर्यंत विसरलेला. मग त्यानं घरी फोन लावला, कामवाल्या बाईला ती कॅसेट शोधायला लावली आणि फोनपाशी धरून वाजवायला सांगितली. कॅसेटचं दुकान चालवलेल्या माणसाला अशा गोष्टीनं काय होतं ते बाकीच्यांना कळणार नाही.

स्वतःचा अर्थ मांडायची पाळी सगळ्यात शेवटी येते. मांडताना 'माझ्यापुरतं' असं आधी म्हणायचं, एवढीच अट. पुतणीनं एकदा ठासून सांगितलं की हे गाणं बेळगावावर आहे. "१९५६ पासून बघा. हिशोब कधीही मिटवा, जाता येणार नाही." सगळे हसले, सर सोडून. सर म्हणाले, "मग त्यातला पहारेकरी मी की तू?" पुतणीला उत्तर सुचलं नाही. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, मग सरांनीच चहा मागवला. माझ्यापुरतं म्हणते असं ती आता न चुकता म्हणते.

गुरुजींचा अर्थ मात्र मी बिघडवलेला आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला हे लिहिणं पुरं करता येत नाही.

नव्वदच्या आसपास ते कॉलेजात असताना माझ्याकडं साठ मिनिटांची कॅसेट भरायला घेऊन आले. एका बाजूला तीस मिनिटं. मी आपला नेहमीसारखा हिशोब घातला, सहा गाणी बसवली, हॉटेल कॅलिफोर्निया शेवटी. हिशोब चुकला. पहारेकऱ्याचं वाक्य संपलं आणि टेप संपली. शेवटच्या गिटारी आल्याच नाहीत. खट् आवाज, आणि गाणं बंद. गुरुजींनी खानापूरच्या घरात ते कित्येक वर्षं तसंच ऐकलं. त्यांच्या लेखी हे मरणाचं गाणं होतं: दार लागलं, दिवा गेला. त्यांचे वडील त्याच वर्षी वारले होते. हे मला पुढं कधीतरी कळलं.

पूर्ण गाणं त्यांनी पहिल्यांदा माझ्याच दुकानात ऐकलं. शेवटची ओळ झाली, त्यांनी मान खाली घातली, आणि गिटारी सुरू झाल्या. एक, मग दुसरी, मग दोघी मिळून. ते दचकून माझ्याकडं बघायला लागले. गाणं शेवटी थांबतही नाही, नुसतं बारीक होत जातं. वाजवणारे कुठं गेलेत असं वाटत नाही. मी म्हटलं, "गुरुजी, चूक माझी." ते म्हणाले, "हे कुणाचं काय वाजूलालंय?"

अजूनही रविवारी ते गाणं लागलं की सगळे शेवटच्या दोन मिनिटांसाठी सावरून बसतात. सुभेदारसाहेब डोळे मिटतात. गुरुजी मात्र पहारेकऱ्याचं वाक्य झालं की उठतात, शटरखालून वाकून बाहेर जातात आणि पायरीवर उभे राहतात. गिटारी संपल्या की परत आत येतात.